साहेब सांगतील

“आधी झिरो पाहा जी.”

एवढं म्हणून ते थांबत. एका हातात नोझल, दुसऱ्या हाताचा पंजा मशीनच्या काचेकडे. गिऱ्हाईक फोनवर बोलत असो की मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असोत, त्याची नजर शून्यावर पडल्याशिवाय डिझेल सुरू होत नसे. एकदा एक ट्रक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, “देख लिया बाबा, देख लिया!”

“कुठं देखा?” हे शांतपणे म्हणाले. “तुम तो मेरेकू देख रहे.”

असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या पंपावर पाहिला असेल, आणि टाकी भरून पुढे गेला असाल. मला पुढे जाता आलं नाही. आमचा पंप नागपूर-रायपूर महामार्गावर, सडक अर्जुनीहून देवरीकडे जाताना लागायचा. नेमका कोणता ते सांगत नाही. तिथले आताचे मालक वेगळे आहेत, त्यांचा यात काही दोष नाही. मी तिथं अकरा वर्षं मॅनेजर होतो. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी मला ‘साहेब’ म्हणत. मी त्यांना ‘काका’ म्हणायचो. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्या नावाची एकदा माझ्यामुळे खराबी झाली आहे.

तरुणपणी नऊ वर्षं त्यांनी कुवेतमध्ये टँकर चालवला होता. सगळे त्यांना कुवेतवाले म्हणत. तिकडून त्यांनी एक घड्याळ, पाठीचं दुखणं आणि एक विषय आणला होता. विषय असा, की तेल एकच, मग देशोदेशी भाव वेगळा काऊन?

हा प्रश्न आमच्या पंपावर दर दुसरं गिऱ्हाईक विचारायचं, कारण छत्तीसगडची सीमा तासाभराच्या आत. “तिकडं सस्तं, तुमचंच काऊन महाग?” असं कोणी म्हटलं, की दुसरा कर्मचारी खांदे उडवायचा. हे मात्र पाच लिटरचं पत्र्याचं माप उचलून आणायचे.

“तेल साऱ्या जगाले एकाच बजारातून भेटते,” ते मापाच्या तळाशी बोट टेकवत. “इथपर्यंत तेल. त्याच्यावर जहाज, कारखाना, टँकर. हे सगळीकडं थोडंफार सारखंच. आता पाहा.” बोट वर सरकू लागे. “हा दिल्लीचा कर. हा मुंबईचा. हे आमच्या शेठचं. रायपूरवाल्याचं बोट आपल्याहून जरा खाली थांबून राहिलं, म्हून तिकडं सस्तं.”

“आन् कुवेतमंदी?”

“तिथं बोट वर जातच नाही. उलटं सरकार आपल्या खिशातून भरते. म्हनते, तुमच्याच जमिनीतलं हाय, घ्या. तिथं प्याचं पानी पेट्रोलहून महाग, बापा!”

ऐकणारे हसत. त्या पाण्याच्या वाक्यावर तर हमखास. मीही हसलो आहे.

एकदा आमगावकडचे एक शिक्षक स्कूटरवर बसल्या बसल्या म्हणाले, “म्हणजे ज्या देशात तेल निघतं, तिथं स्वस्त. एवढं सोपं आहे तर.”

“नाही जी, गुरुजी. माझ्यासंगं एक गोरा इंजिनेर होता, पार उत्तरेकडचा, बरफातला. त्याच्या देशात समुद्रातून तेल निघते, तरी तिथं भाव आपल्याहून महाग. मी इचारलं, काऊन गा? तं म्हने, सरकार तेल बाहेर इकते आन् आमाले म्हनते, कमी जाळा, सायकल चालवा. आता बोला! जमिनीत काय हाय, त्याच्यावर भाव नसते. सरकार लोकायकडून काय मागते, त्याच्यावर असते.”

शिक्षकांनी स्कूटरवरून उतरून त्यांना नमस्कार केला. मी काचेच्या केबिनमधून पाहत होतो. खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, “काका, सीमेपलीकडं स्वस्त आहे, हे आपणच गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं?”

“त्याले माहीत नाही का, साहेब? माहीत हायच. त्याले फकत ‘काऊन’ पायजे.”

सकाळची टाकी तपासायचं काम त्यांचंच. जमिनीखालच्या टाकीत लांब पितळी रॉड सोडायचा, वर काढून पातळी पाहायची. रॉडच्या टोकाला एक पेस्ट लावतात. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर ती लाल होते, नसेल तर तशीच राहते. ते रॉड पुसायचे तेसुद्धा देवाची समई पुसावी तसे. रोज बाहेरून ओरडायचे, “साफ हाय जी!” मी आतून हात वर करायचो. आमचा दिवस असा सुरू व्हायचा.

त्या वर्षी इकडच्या आणि तिकडच्या भावातला फरक वाढला. ट्रक आमच्यासमोरून न थांबता जाऊ लागले. शेठ गोंदियाहून दिवसातून तीनदा फोन करायचे. मग एक दिवस म्हणाले, सीमेपलीकडून एक माणूस ड्रमने माल देतो, दुपारी उतरवून घे. मी हो म्हणालो. वाक्य एवढंच आहे. इतकी वर्षं मी त्याला फाटे फोडत आलो: नोकरी होती, मुलीची अॅडमिशन होती, सगळेच करत होते. आज फाटे नाहीत. मी हो म्हणालो.

काका जेवायला घरी गेले की ड्रम यायचे. तरी त्यांच्या लक्षात आलंच. “साहेब, कालपेक्षा टाकी भरली कशी? कंपनीची गाडी तं आली नाही.”

“शेठचं काम आहे, काका. तुम्ही त्यात पडू नका.”

ते रॉड पुसू लागले. तीन खेपा काही झालं नाही.

चौथ्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी “साफ हाय जी” ऐकू आलं नाही. मी वर पाहिलं. ते टाकीच्या झाकणाजवळ उभे होते, रॉड आडवा धरून.

“साहेब, इकडं या जी.”

पेस्ट लाल झाली होती. चांगली चार बोटं.

“रॉड ओला असेल. पुन्हा टाका.”

त्यांनी पुसला, पुन्हा पेस्ट लावली, पुन्हा सोडला. पुन्हा लाल. ड्रमची झाकणं सैल असावीत, कुठं तरी पावसात उभे असावेत; ते मला तेव्हाच कळलं.

“बंद ठेवू जी,” ते हळूच म्हणाले. “आज डिझेल देऊ नोका कोनाले.”

दिवाळी नुकतीच झालेली. बांध्यांमध्ये धान कापणीला आलेलं आणि आभाळ भरून आलेलं. अवकाळी येणार हे लहान पोरालाही दिसत होतं. गावोगावचे हार्वेस्टर एकदम सुटले होते. पंपासमोर ट्रॉल्या, कॅन, ड्रम यांची रांग लागलेली. इतकी विक्री आम्ही महिनाभरात पाहिली नव्हती. तेवढ्यात शेठचा फोन आला. मी पाण्याचं सांगितलं.

“अरे, पानी नीचे बैठता है,” ते म्हणाले. “पाइप ऊपर से खींचता है. चालू कर.”

मी बाहेर आलो. “द्या, काका.”

“साहेब, कापनीच्या मशीनमंदी पानी गेलं तं पंप बसते तिचा. लोकायचं धान उभं हाय.”

“वरचं वरचं जाईल. काही झालं तर माझी जबाबदारी.”

“तुमची?”

“माझी.”

मग त्यांनी नोझल उचललं. त्या दिवशीही प्रत्येकाला झिरो दाखवत होते. पण माप आणायला गेले नाहीत. कोणी भावाचं विचारलं तर म्हणाले, “मंग सांगतो जी.”

दुपारी दीडच्या सुमाराला पहिला ट्रॅक्टर परत आला, मागे माणसांनी भरलेली ट्रॉली. पाठोपाठ मोटारसायकली. तीन हार्वेस्टर बांधीत उभेच्या उभे बंद पडले होते. एकाचा मालक, शेजारच्या गावचा मोठा शेतकरी, हातात काचेची बाटली घेऊन आला होता. त्यात फिल्टरमधून काढलेलं डिझेल होतं आणि खाली स्वच्छ, निवांत पाणी. पूर्वेकडून वारा सुटला होता. कोणीतरी रडत होतं, मोठा माणूस.

“कोन देल्लं हे? कोन देल्लं?”

काका पुढे झाले. “मी देल्लं जी.”

“माहीत होतं तुले?”

त्यांनी मान वळवून केबिनकडे पाहिलं. मी दारात उभा होतो. “साहेबाले माहीत हाय,” ते म्हणाले. “साहेब सांगतील.”

तुम्ही तिथं असता तर तुम्हीही माझ्याकडे पाहिलं असतं. सगळ्यांनी पाहिलं. शंभरएक माणसं. शेतकऱ्याने बाटली माझ्यासमोर धरली. “साहेब, तुमाले माहीत होतं?”

मी म्हणालो, “टाकी रोज सकाळी हेच तपासतात.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य इतक्या लवकर माझ्या तोंडात आलं असावं.

गर्दीतून आवाज आला, “हाच तो! रोज सांगत राहते ना, तिकडं सस्तं, तिकडं सस्तं! यानंच आनलं असन!” दुसरा ओरडला, “कुवेतमंदी पानी महाग म्हनत होता. आमाले तेलाच्या भावात पाजलं बापा यानं!” कोणी हसलंसुद्धा. त्यांचा सगळा अभ्यास, ते माप, ते बोट, तो बरफातला इंजिनेर, दोन मिनिटांत पुरावा झाला. भावातला फरक ज्याला इतका कळतो, तोच तो फरक खाणार, हे लोकांना पटलं. आणि मला ते पटताना दिसत होतं.

शेतकऱ्याने त्यांच्या कानशिलात मारली.

ते मागे सरकले नाहीत. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी इतकी वर्षं झोपू शकलो असतो. ते नुसते वाट पाहत होते.

मी केबिनमध्ये गेलो आणि शेठला फोन लावला. ते म्हणाले, “किसी एक को तो जाना पड़ेगा. तू जाएगा कि वो?”

“ते,” मी म्हणालो.

पाऊस चार वाजता आला. दोन दिवस लागून राहिला.

त्यानंतर त्यांना जिल्ह्यातल्या एकाही पंपाने ठेवलं नाही. कुवेतवाल्याचा पानीवाला झाला. बाजारात पोरं विचारायची, “काकाजी, आज पान्याचा काय भाव?” ते घरच्या दोन बांध्या करत राहिले. भावाबद्दल कोणाशी बोलताना कोणी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

मला ते एकदाच भेटले, सडक अर्जुनीच्या बस स्टँडवर. पिशवीत वांगी होती. मला वाटलं आता शिव्या देतील; मी तयारही होतो. त्यांनी विचारलं, “पोरगी कशी हाय, साहेब? अॅडमिशन झाली?”

“झाली.”

“बरं झालं.” मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, “मले वाटलं, तुमी सांगसान.”

मी म्हणालो, “माझी बस आली.” बस साकोलीची होती. मला गोंदियाला जायचं होतं. तरी मी चढलो.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. साधा ताप, मग छातीत पाणी. मला कळलं ते तेरवी होऊन गेल्यावर. पंपाची नोकरी मी तोवर सोडली होती, शेठला घाबरायचं काही कारण उरलं नव्हतं. म्हणजे मी इतके दिवस शेठला घाबरत नव्हतोच.

त्यांच्या घरी गेलो. काकूंनी अंगणात खाट टाकली. मी सगळं सांगितलं: ड्रम, लाल पेस्ट, ‘माझी जबाबदारी’. त्या धान पाखडत होत्या, त्यांनी सूप थांबवलं नाही.

“मले कायले सांगता?” त्या म्हणाल्या. “मले तं त्याच दिवशी माहीत होतं. तो मानूस दुधात पानी घालत नोहता, तेलात काय घालन? ज्याले माहीत नाही त्याले सांगा.”

म्हणून मी त्या शेतकऱ्याकडे गेलो. तो गोठ्यासमोर उभा होता, आता केस पांढरे झालेले. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मला वाटलं, आता तो हात मला लागेल. तो खाली बसला, चिखलातच. मग उठून मोटारसायकल काढली.

“बसा मांगं.”

“कुठं?”

“त्याच्या घरी. मले एकट्याले होनार नाही.”

अंगणात पोहोचल्यावर तो काकूंसमोर हात जोडून उभा राहिला. भिंतीला त्यांचा फोटो टेकवलेला होता, अजून खिळा मारायचा होता. काकूंनी त्याला ओळखलं. सूप बाजूला ठेवलं.

“एक सांग, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मी त्यायले किती वेळा इचारलं, तं म्हनत, कोनी मारलंच नाही. कोनत्या गालावर मारलं होतं तू?”

तो आपल्या हातांकडे पाहत राहिला.

“डाव्या,” मी म्हणालो.