उपसलेली विहीर

रघुनाथअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी सरळ स्वयंपाकघरात शिरायचे आणि पाण्याच्या रांजणावरचं झाकण उचलून आत बघायचे. प्यायचे नाहीत. पाणी किती आहे एवढं बघायचे, झाकण ठेवायचे आणि मग सोप्यात येऊन मांडी घालून बसायचे. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हाही हेच केलं. आई चुलीपुढे होती. परका माणूस थेट आत आलेला बघून ती फुंकणी घेऊनच उठली. अण्णा म्हणाले, "काकी, तळाला गेलंय की." आई म्हणाली, "मग? तुमी भरून देताय व्हय?" तिथून त्यांची ओळख झाली आणि आईने त्यांना कायमचं अरेतुरे सुरू केलं.

अण्णा म्हसवडचे. सिनेमा काढायचा म्हणून आमच्या कवठे महांकाळच्या पूर्वेला गाव शोधत आले होते. मी तेव्हा बी.ए. होऊन पारावर बसून होतो. त्यांनी मला पारावरून उठवलं ते कायमचंच. मेंढरं जमवायची, जेवणाचं बघायचं, टँकर कधी येतो ते सांगायचं, असली कामं माझ्याकडे आली. कॅमेरा आला होता, पण कितीतरी दिवस तो पेटीतच होता. अण्णा नुसते हिंडायचे. मी विचारलं, "अण्णा, चालू कवा करायचं?" तर म्हणाले, "आधी बघायचं, गड्या. पेटी मागनं उघडायची." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे ते तोंड उघडायच्या आधी मीच म्हणायचो.

आमच्या विहिरीला त्या साली तळाशी घोटभर पाणी होतं. आई पायऱ्यांनी खाली उतरायची आणि वाटीवाटीने घागर भरायची. अण्णा कित्येक दिवस विहिरीच्या काठावर बसून ते बघत होते. एकदा त्यांनी विचारलं, "काकी, रोज अशाच उतरता?" "न्हाई तर काय इमानातनं उतरू?" आई खालून ओरडली. शेवटी पेटी उघडली तेव्हा त्यांनी तिला काहीही करायला सांगितलं नाही. ती उतरली, तिने घागर भरली, ती वर आली. एवढंच. संगीत नाही, बोलणं नाही, वाटी खडकावर घासल्याचा आवाज तेवढा. सांगलीच्या थिएटरात ते दृश्य चालू असताना माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने हातातली पाण्याची बाटली पायाशी लपवली. तो सिनेमा परदेशात गेला, बक्षिसं घेऊन आला. दुसरा जतकडच्या मेंढपाळांवर काढला. तोही तसाच, बघितला की माणूस दोन दिवस गप्प बसेल असा. त्यानंतर अण्णा मुंबईला राहायला गेले आणि मोठे झाले.

पुढच्या सिनेमांबद्दल बोलायचं तर मला फार बोलता येत नाही. तेही दुष्काळाचेच होते. भेगाळलेली जमीन होती, सांगाडे होते, कपाळाला हात लावून बसलेली माणसं होती. बघताना मला काही व्हायचं नाही. पहिल्यांदा वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग माझ्या बायकोलाही काही झालं नाही. मग गावात कुणालाच. अण्णांची दारू, बायकोशी मोडलेला संसार, डोक्यात गेलेलं नाव, अशी लोक कारणं सांगायचे. असतीलही. पण मधल्या काळात आमच्याकडे एक गोष्ट घडली होती, आणि ती लोकांच्या हिशेबात कधी आलीच नाही. आमच्याकडे पाणी आलं.

कालव्याचं पाणी ओढ्यात सुटलं त्या दिवशी बायांनी खणानारळाने त्याची ओटी भरली. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून रडत होती आणि वर हसतही होती. असा चेहरा मी तिचा आयुष्यात पाहिला नव्हता. मी पळत जाऊन अण्णांना फोन लावला. "अण्णा, या! पेटी घेऊन या. पाणी आलंय." ते तेव्हा मुंबईत एका स्टुडिओत होते. तिथे त्यांनी दुष्काळी गाव उभं केलं होतं, प्लास्टरच्या भेगांसकट. म्हणाले, "बघू." आले नाहीत. मी पुन्हा म्हणालो तेव्हा त्यांचं उत्तर असं होतं, "शिवा, लोकांस्नी माझ्याकडनं काय बघायचंय ते मला ठावं हाय."

त्यानंतर विहीर भरली. आम्ही द्राक्षं लावली, घर बांधलं, आईच्या ओट्यावर नळ आला. अण्णा कधीमधी यायचे, सवयीने झाकण उचलायचे, काठोकाठ पाणी बघायचे आणि बाहेर येऊन गप्प बसायचे. आमचं चांगलं झालं याचा त्यांना आनंद नव्हता असं मी म्हणणार नाही. पण पाहुणा ज्या नातेवाइकाला भेटायला आला तोच गाव सोडून गेलेला असावा, तसे ते दिसायचे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आले ते फार वाळलेले. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं. म्हणाले, "शिवा, आता एकच काढायचाय. एक खरा निघाला की सुटलो." मलाही दुसरं काही नको होतं. त्या माणसाने मला पारावरून उठवलं होतं. मरण्याआधी त्याच्या हातून एक खरा सिनेमा व्हावा, एवढं मला मनापासून वाटत होतं. कोरडी जागा शोधत आम्ही त्यांच्या गाडीतून जतपर्यंत गेलो. जाऊ तिथे डाळिंब, द्राक्ष, मका. एका बांधावर फवारणी करत असलेल्या म्हाताऱ्याने गाडी थांबलेली बघून विचारलं, "काय बघताय सायेब?" अण्णांनी सांगितलं. म्हातारा मनापासून हळहळला. "दुष्काळ व्हय? मग तुमी लय उशीर केला बघा. अजून पलीकडं, लांबच्या वाड्यांवर टँकर येत्यात म्हणं. तिकडं बघा." तिकडे एवढ्या उन्हात जायचं त्राण अण्णांना नव्हतं. परत येताना ते म्हणाले, "आपलीच हीर उपसू."

एप्रिलची छाटणी होऊन बाग नुकती फुटत होती, तिला पाणी लागणार होतं. तरी मी मोटर लावली आणि पाइप ओढ्यात सोडला. पहिल्या सिनेमातली बाई म्हातारपणी पुन्हा त्याच विहिरीशी येते, असं ते दृश्य होतं. आई तयार झाली होती, रघू म्हणतोय म्हणून. त्यांनी तिला फाटकं पातळ नेसवलं होतं. "माझ्याकडं तवा बी येवढं फाटकं न्हवतं रं," ती म्हणाली, पण नेसली. तिला काठावर बसायचं होतं, खाली दुसरी नटी उतरणार होती.

पाणी ओढ्याकडे जायला लागलं. आई ते बघत बसली. मग ती उठली, घरात गेली आणि घागर घेऊन आली. पाइपाखाली धरली, भरली, डोक्यावर घेऊन घरात रांजणात ओतली आणि परत आली. मी म्हणालो, "आई, नळाला पाणी हाय की." तिने ऐकलं नाही. घागर झाली, बादल्या झाल्या, पातेली झाली, शेवटी पिठाची परात आणली. पाठ वाकलेली, ते फाटकं पातळ ओलंचिंब, आणि तोंडाने पुटपुटणं चाललेलं, "चाललं की समदं... चाललं की..." सगळी माणसं जागच्या जागी उभी होती. कॅमेऱ्यावरचा कोल्हापूरचा माणूस जुना होता. त्याने हळू विचारलं, "सर, घेऊ?"

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होतो. तीच विहीर, तीच बाई, आणि हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. अण्णा तिच्याकडे बघत होते, अगदी पूर्वीसारखे. मला वाटलं, आता पेटी उघडणार.

"नको," ते म्हणाले. "काकीला बाजूला बसवा. फ्रेममध्ये ओलं दिसतंय."

मीच आईला हाताला धरून सोप्यात नेऊन बसवलं. त्या क्षणी माझ्या आतलं काहीतरी बंद झालं ते अजून उघडलेलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. दृश्य ठरल्याप्रमाणे झालं. संध्याकाळी अण्णा आत आले. घरभर भरलेली भांडी. त्यांनी रांजणाचं झाकण उचललं, ठेवलं. आई म्हणाली, "पी की रं. येवढं भरलंय." ते म्हणाले, "तहान न्हाई, काकी." आणि गाडीत जाऊन बसले.

तो सिनेमा मी सांगलीला जाऊन बघितला. थिएटर रिकामं होतं. विहिरीच्या दृश्यावर व्हायोलिन वाजत होतं.

यंदा बेदाण्यासाठी द्राक्षं रॅकवर वाळत टाकत असताना अण्णा गेल्याचं कळलं. अलीकडे पुण्याला राहायचे, फ्लॅटमध्ये एकटेच होते. दुसऱ्या दिवशी कामवाल्या बाईने दार उघडलं. मला रडू आलं नाही. रॅक भरायचं राहिलं होतं, ते भरलं. एका वाहिनीवरच्या मुलीचा फोन आला, "पहिल्या दोन सिनेमांनंतर त्यांची घसरण का झाली, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "आमच्याकडं पाणी आलं." ती म्हणाली, "म्हणजे?" मी फोन ठेवला.

रात्रीच्या बातम्यांत त्यांनी आईचं ते जुनं दृश्य दाखवलं. आई टीव्हीजवळ सरकून बघत बसली. वाटी, घागर, पायऱ्या. "किती बारीक हुते मी तवा," म्हणाली. मग दृश्य संपलं, अण्णांचा हार घातलेला फोटो आला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "शिवा, जाताना त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं रं?"

"घातलं, आई," मी म्हणालो. "कामवाली बाई हुती."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि उठून रांजणावरचं झाकण नीट बसवून आली.