कूळ बदललेली आत्या

माझ्या आत्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. तरी गेल्या धानकापणीनंतर मी केशोरीला तिच्या घरी गेले, ती भांडायच्या तयारीनंच.

छत्तिसाव्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाला. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परदेशी पुस्तकांत हे उतारवयातलं दुखणं. आपल्याकडच्या बायांना ते बरंच आधी गाठतं, तेव्हा त्या पुस्तकांच्या भरवशावर राहू नका. रक्त तपासलं तर जनुकातला दोष वारशानं आलेला, आणि तोही बाबांकडून. म्हणजे बाबांच्या या एकुलत्या एक बहिणीचीही तपासणी व्हायलाच हवी होती. तिच्या काळजीनं मला झोप येत नव्हती.

आत्यानं आधी पोटभर जेवू घातलं. मग म्हणाली, "मले कायले तपासता? पोरीचं लगन झालं का कूळ बदलते. तुमच्या घरचं दुखणं इथं कसं येईन?"

लग्नानंतर माहेरच्या कुळदेवाचा प्रसादसुद्धा तिला चालत नाही, हा तिचा पुरावा. देवानं सोडलं, तिथं रोगानं काय म्हणून धरावं?

माझी सटकली. "मंग मी तुह्यावर काऊन गेली? नाक तुह्यं, राग बी तुहाच. कूळ तवा नाई बदललं?"

'भाची माह्यावर गेली' म्हणून आत्याच मला गावभर मिरवत आली होती. पदराला हात पुसून ती जवळ सरकली. केमोनंतर माझे केस नुकतेच उगवत होते, त्यांवरून हात फिरवत तिनं हळूच विचारलं, "हे बी माह्याकडूनच आलं का वो तुले?"

एवढीच भीती होती तर! कूळ, देव, प्रसाद ही सगळी त्या एका प्रश्नापुढे धरलेली ढाल होती. मला तिची इतकी माया आली की रागवायचंच विसरले.

"नाई वो आत्या. बाबाकडून आलं. अन् त्यानं का मुद्दाम देलं? तुले आहे का नाई, तेवढंच पाहाचं हाये."

आत्यानं मोबाइल उचलून बिरसीला सासरी असलेल्या आपल्या लेकीला लावला. "उद्या सकाळी ये. डॉक्टरकडे जाऊन राहिलो आपण."

पलीकडून लेकीनं कारण विचारलं असावं. आत्यानं मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"तुले सासरी देऊन टाकलं, पण रगत माह्यंच हाये ना वो तुह्यात."