गोल चेहऱ्यांचा मोर्चा

मुलुंडच्या त्या चूर्णाच्या केसचा विषय निघाला की आजही मला आधी चेहरे आठवतात. गोल, गुबगुबीत, सगळे एका साच्यातले. १९८० नंतरची गोष्ट. मी तिथल्या पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तोही रसायनशास्त्र घेऊन. ती पदवी पोलिसात कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

एका सकाळी मालवणकडच्या एक काकू ठाण्यात आल्या. त्यांचे यजमान गिरणीतून निवृत्त झालेले. गुडघेदुखीवर ते स्टेशनजवळच्या एका वैद्याचं चूर्ण घ्यायचे.

"साहेब, दुखणा पळाला, पन घोवाचा तोंड पुरीसारखा फुगला. म्हणान मीच ता चूर्ण गटारात ओतलंय. दोन दिसांत माणूस आडवो! आता हॉस्पिटलात आसा. त्या मेल्यान चूर्णात काय घातल्यान, ता इचारा!"

मी आधी हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर स्पष्ट बोलले. "चेहरा असा गोल फुगलाय, म्हणजे स्टेरॉइडचा संशय आहे. शरीराला सवय लागते, एकदम बंद केलं की माणूस कोसळतो. मी अंदाजाने इंजेक्शन सुरू केलंय. पण चूर्णात काय आणि किती आहे, ते मला आजच कळायला हवं. आणि बाकीच्यांचं चूर्ण नुसतं हिसकावून घेऊ नका, ते पण असेच पडतील."

पंच घेऊन दुकानावर गेलो. पंचनामा केला, पाकिटं सील केली. पण प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला आठवडे लागणार होते, आणि काकूंच्या यजमानांकडे तेवढा वेळ नव्हता. वैद्यबुवांना ठाण्यात आणलं.

गडी पक्का. "शुद्ध जडीबुटी, साहेब. साइड इफेक्ट शून्य. लहान मुलालाही द्या."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. बागेत बसणारी निवृत्त मंडळी मोर्चा घेऊन आली होती. "आमच्या वैद्यांना सोडा!" मी दारातून बघितलं आणि बघतच राहिलो. आमचे हवालदार कानात कुजबुजले, "साहेब, हे सगळे सख्खे भाऊ का हो?"

मोर्चाच्या पुढाऱ्याला मी आत बोलावून बसवलं. ठाण्याच्या रिवाजाप्रमाणे चहा आला. आमच्याकडे चहा आरोपीलाही मिळायचा. माणूस मारापेक्षा चहाने लवकर बोलतो, हा माझा अनुभव.

वैद्यबुवा म्हणाले, "मला बिनसाखरेचा. डायबेटिस आहे."

स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते, हे कॉलेजात शिकलेलं मला आठवलं. खुर्चीतून पुढे वाकताना त्यांनी गुडघा दाबून धरला, तेही मी टिपलं. एक पाकीट सील करायचं राहिलं होतं, पुढाऱ्याच्या खिशातलं. ते मागून घेतलं आणि चमचाभर चूर्ण वैद्यांपुढे धरलं.

"गुडघा दुखतोय ना? घ्या."

"नको, साहेब."

"का? साखर घातलीय यात?"

"छे, छे!"

"मग घ्या की. लहान मुलालाही चालतं म्हणालात."

बुवांनी चमचा मागे सारला. "शुगर वाढेल," ते पुटपुटले.

पुढारी ताडकन उठले. "अरे भामट्या! मला पण डायबेटिस आहे! आणि मला तू दोन-दोन चमचे घ्यायला लावलेस?"

मग मला काही विचारावंच लागलं नाही. कुठल्या गोळ्या, कुठून आणायचा, किलोला किती कुटून घालायचा, सगळं बाहेर आलं. ते लिहून घेत मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "बस्स, आता डोस बरोबर बसवतो."

बाहेर पुढाऱ्यांनी बातमी फोडली होती. मंडळी खिशातल्या पुड्या फेकायला निघाली, तसा मी ओरडलो, "कोणी काही फेकायचं नाही! गाडीत बसा!"

सगळ्यांना पोलीस गाडीत भरून हॉस्पिटलला नेलं. रस्त्यावर लोक विचारत होते, "काय रे, म्हाताऱ्यांनी बँक लुटली की काय?" गाडीतून उत्तर आलं, "चूर्ण खाल्लं, बाबा!"

डॉक्टरांनी हळूहळू एकेकाची सवय सोडवली. मला त्या केसने एक शिकवलं: विकणाऱ्याचं बोलणं ऐकावं, पण तो स्वतः काय खातो ते आधी बघावं.

काही महिन्यांनी काकू यजमानांना घेऊन ठाण्यात आल्या. चेहरा उतरला होता, गाल आत गेले होते, काठी टेकत लंगडत चालत होते. मी हळहळलो. काकू मात्र खूश.

"दुखणा परत इला, साहेब," त्या हसत म्हणाल्या, "पन माझो माणूस पण परत इलो."