बिंबलांनी धुतलेली बाटली

माझ्या लेकीच्या पोटात माझ्या सासूची किडनी आहे. द्यायची मीच ठरवली होती, पण माझं रक्त जुळलं नाही, सासूचं जुळलं. सासूला आम्ही मांय म्हणतो. तेव्हापासून आमच्या गावात, लाटंबार्स्यात, कुणीही वाटेत भेटलं की आधी मांयची तब्येत विचारतं, मग लेकीची. माझी कोण कशाला विचारील?

लेकीला पाणी प्यायचा कंटाळा, आणि डॉक्टरांनी तर भरपूर प्यायला सांगितलंय. मी तांब्या घेऊन तिच्या मागे फिरते, ती तोंड फिरवते. मांय सोप्यावर बसून नुसतं म्हणतात, "माझ्या किडनीक पाणी दी गो," की ही हसत घटाघटा पिते. मला ते बघवत नाही.

पूर्वी किडनी नीट आहे का ते बघायला सुई घालून तिचा बारीक तुकडा काढायचे. त्या सुईची लेकीने इतकी धास्ती घेतली की इस्पितळाचं फाटक दिसलं तरी रडू लागायची. आता डॉक्टरांनी नवी तपासणी सुरू केलीय. सकाळची पहिली लघवी इस्पितळाने दिलेल्या बाटलीतून न्यायची. किडनी बिघडायला लागली असेल तर त्यातून आधीच कळतं, आणि तसं दिसलं तरच सुई. बाटली भरायचं काम तरी माझ्याकडे राहील असं वाटलं होतं. मांयनी तेही घेतलं. "किडनी माझी. बाटली मीच बघतंय."

एका खेपेला तपासणी वाईट आली. डॉक्टर म्हणाले, सुई घालून बघावं लागेल. लेकीने मांयचा पदर घट्ट धरला. मी तिच्या दुसऱ्या बाजूलाच उभी होते.

तेवढ्यात मला आदल्या संध्याकाळचं आठवलं. सणासुदीला आम्ही देवाची तांब्याची भांडी बिंबलांनी, त्या आंबटढाण फळांनी, घासतो. मांय विहिरीवर बसून ती नवी बाटली तशीच आतून बिंबलं चोळून धूत होत्या. कुणाकुणाचे हात लागले असतील, म्हणाल्या. मला त्यात काही चूक वाटली नव्हती. त्यांनी बाटलीलासुद्धा देवाच्या भांड्याचा मान दिला, याचाच मला राग आला होता.

डॉक्टरांशी नेहमी नवरा बोलतो, मी मागे उभी राहते. त्या दिवशी मीच बोलले.

"डॉक्टर, बाटली मांयनी बिंबलांनी धुतली होती."

डॉक्टर म्हणाले, बाटली स्वच्छ करूनच दिलेली असते, धुवायची नसते. आंबट रसाने तपासणी बिघडली असेल. नव्या बाटलीतून परत आणा, सुईचं मग बघू. मांयचा चेहरा उतरला. मी बोलले ते लेकीसाठीच, पण तो चेहरा बघून मला बरंही वाटलं.

बसमध्ये त्या म्हणाल्या, "चार माणसांत सासूक उघडी पाडलंस गो."



दुसऱ्या खेपेची बाटली मी भरली. तपासणी चांगली आली, सुई टळली. डॉक्टरांनी मांयचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आजी, तुमची किडनी एकदम झकास चाललीय." लेक उडी मारून मांयच्या गळ्यात पडली.

परत येताना बसमध्ये लेकीच्या शेजारची जागा मी आधीच धरली. मांयना मागे बसावं लागलं. डिचोलीला उतरेपर्यंत लेक सीटवर गुडघे टेकून, मागे वळून त्यांच्याशीच बोलत होती.