मुरूम लागेपर्यंत खणणारे नाना

नाना मुकादम कुठल्याही बागेत शिरले की आधी बाकड्याला पाठीमागून एक सणसणीत धक्का द्यायचे. वर कोणी बसलेलं असलं तरी! एकदा एका जोडप्याला असा दणका बसला की दोघं दचकून पार दोन टोकांना जाऊन बसली. नाना खूश. “बाकडं नाय हाललं, सायेब. मानसंच हालली.”

निफाडकडचा हा माणूस वीस वर्षं नाशिक पालिकेत, आमच्या बाग खात्यात बाकं बसवायच्या कामावर रोजंदारीनं होता. मी डिप्लोमा घेऊन नुकताच चिकटलेला ओव्हरसियर. सगळ्या बागांना एकच नकाशा, बाकाच्या पायांना फूटभर खड्डा, असा माझा खाक्या! नाना पहारीनं माती उकरून माझ्या तळहातावर ठेवायचे. “ही काळी. उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती. मुरूम लागंस्तवर खणायचं.” पंचवटीत दगडी पायऱ्यांवर मात्र थेट दगडात भोक पाडून बोल्ट. आणि फरशी असली तर आधी फरशीच उचलायला लावणार. “हीच डुगडुगती, हिला बांधून काय उपेग?” माझं डोकं उठायचं. पण त्यांचं एकही बाक कधी हललं नाही, हेही खरंच.

काँक्रीट ओतलं की बाकावर आठ दिवस बाभळीच्या काट्या. कोणाची बसायची टाप नव्हती.

नव्वदीच्या अखेरीस एका नव्या बागेचं उद्घाटन ठरलं. सिमेंट मागवायला मीच विसरलो, त्यामुळे काँक्रीट पडलं आदल्या दिवशी. नगरसेवक भाऊ फोटोसाठी बसायला आले, तर बाकावर बाभूळ! मी नानांना बाजूला ओढलं. “नाना, तुम्हाला कायम करायची फाइल भाऊंच्या शब्दावर अडलीय. आजच्या दिवस गप्प बसा ना!”

नाना कसले ऐकतात! “भाऊ, आठ दिसांनी या. आज बसलात तर बाकड्याचे पाय जन्माचे ढिले व्हतील.”

“उशीर कोणामुळे झाला?” भाऊ कडाडले.

“कामाला येळ लागतो,” नाना म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. भाऊ तणतणत गेले आणि फाइल तिथेच अडकली.

नाना पूर्वीसारखेच धक्के देत हिंडत राहिले. मला मात्र अन्न गोड लागेना. शेवटी दोन महिन्यांनी भाऊंच्या घरी जाऊन सांगून टाकलं, “सिमेंट मी विसरलो होतो. नाना बरोबर होते.” भाऊंनी मला यथेच्छ झापलं आणि नानांची फाइल मोकळी केली.

ऑर्डर हातात पडली तशी नाना पेढे घेऊन आले, ते चिडूनच. “कशाला सांगितलंत? माझ्याकडं दाखवायला वीस वर्सांचं काम व्हतं. तुमी नवे, ठपका बसला तर तुमच्याकडं काय व्हतं?”

आणि पहिला पेढा त्यांनी माझ्याच तोंडात कोंबला.