पाटकर सरांचा पहिला ई-रीडर

आमच्या वाचन मंडळाचं कपाट एकच, तेही कुरकुरणारं. पुस्तकं त्यात कशीबशी मावतात, किस्से मात्र मावेनात. म्हणून मी ते भेटेल त्याला सांगत सुटते. सध्या जोर ई-रीडरच्या किश्शांचा!

मंडळ माणिकपूरचं. आम्ही आठ जण, सोसायटीच्या तळमजल्यावरची खोली आणि शनिवारची संध्याकाळ. पाटकर सरांनी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, हा वीस वर्षांचा शिरस्ता. एका शनिवारी सर ओळीच्या मधेच थांबले, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आज इतकंच." डोळ्यांचा पडदा खराब झाला होता.

दुसऱ्या दिवशी पाटकर काकूंचा फोन. "नीलिमा, डॉक्टर म्हणाले, अक्षर खूप मोठं केलं तर कदाचित वाचता येईल. ते मशीन कुठलं चांगलं ते बघ गं. वाचन सुटलं ना, तर हे खचतील." आमच्यात कुणी ई-रीडर हातातसुद्धा धरला नव्हता!

*

मनवेलपाड्याहून भाचीने तिचा आणून दिला, ट्रायलला. खोक्यावर लिहिलेलं, सहा इंच. मंडळातल्या जॉनी अंकलनी आयुष्यभर सुतारकाम केलेलं, टेप खिशातच. त्यांनी स्क्रीन मोजला. उभा पावणेपाच, आडवा साडेतीन. "सहा इंच कुठंय? चक्क फसवतात!"

अर्धा तास भांडण. शेवटी सर म्हणाले, "जॉनी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोज."

मोजलं. सहा! "मग तसं लिहा ना!" म्हणत अंकल आणखी पंधरा मिनिटं भांडले. खोक्याशी.

*

सतराव्या पानावर मंडळाचा शिक्का पडल्याशिवाय आमच्या कपाटात काही जात नाही. शिक्का आमच्यातल्या देसाईबाईंकडे. त्या मशीनमध्ये सतरावं पान शोधत बसल्या. अक्षर मोठं केलं की सतरावं पान भलतीकडेच! "ह्याचं काही खरं नाही," म्हणत बाईंनी शाई लावलेला शिक्का थेट स्क्रीनवर आणला.

"अहो बाई!!!" मी झडप घातली. शिक्का माझ्या मनगटावर उमटला.

"चला, आता तू मंडळाच्या मालकीची," सर म्हणाले आणि हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच.

*

मग मी सरांना घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने मराठी पुस्तक उघडून एक स्वस्तातला ई-रीडर पुढे केला. सरांनी तो अगदी डोळ्यांशी नेला आणि लगेच माझ्यापुढे धरला.

"नीलिमा, जोडाक्षरं तुटलेली दिसतायत. वेलांट्या भलतीकडेच पडल्यात. आता हेही गेलं का गं?"

मला बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं. "सर, मलाही तुटलेलीच दिसतायत! ह्या मशीनलाच मराठी येत नाही!"

सर स्टुलावर बसले. "देवा रे," एवढंच म्हणाले आणि पाणी मागितलं. मी दुकानदारावर असली उखडले की तो बिचारा दुसरं मॉडेल आणायला आत पळाला.

*

अखेर भाचीच्याच मॉडेलवर सगळ्यांचं मत पडलं. पण सर म्हणाले, "शनिवारी सगळ्यांसमोर एक उतारा वाचतो. जमलं तर घ्या. नाही जमलं, तर मंडळाला माझा नमस्कार."

त्या शनिवारी पाटकर काकूही आल्या, मंडळात पहिल्यांदाच. पुस्तक सरांनीच सांगितलं, आम्ही त्यांच्या तोंडून चारदा ऐकलेलं. मी अक्षर मोठ्यात मोठं केलं, मशीन त्यांच्या हातात दिलं आणि शेजारी बसले.

सरांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला त्यांच्या अंगठ्याखाली खालचं बटण दाबलं गेलं. ते दाबलं की हे मशीन झोपतं, अक्षरं जातात आणि स्क्रीनवर नुसतं चित्र येतं. पेन्सिलींचं चित्र आलं. मी हात पुढे केला.

सर थांबले नाहीत. तोच आवाज, तेच चढउतार. मधेमधे बोटाने पान उलटत होते. पुढचं पान, पुढचं पान. खोलीत कुणी हलत नव्हतं. मी हात मागे घेतला.

उतारा संपला. टाळ्याच टाळ्या! काकू पदराने डोळे पुसत होत्या. देसाईबाई ओरडल्या, "हाच घ्यायचा!"

सरांनी ते चित्र माझ्यापुढे धरलं. "अक्षर किती ठळक आहे, बघितलंस?"

"हो सर," मी म्हटलं. "एकदम ठळक."