केरबा पेंटरचं चिलट

तीस फुटी बॅनरवर नटाच्या मिशा रंगवणारा माणूस दीड मिलिमीटरच्या चिलटाच्या पायांचं चित्र काढायला बसला, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसा. मीही हसले होते. १९७३ साली केरबा आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात शिपाई म्हणून आला, तेव्हा त्याचा अर्ज वाचून मी विभागप्रमुखांना म्हणाले होते, "आता बेडकांची पोस्टरं लावायचीत का आपल्याला?" माझं तोंड असंच आहे. घरी आई म्हणायची, मीनाक्षीच्या जिभेला हाड नाही आणि डोक्याला झाकण नाही.

केरबा थिएटरच्या परांचीवरून पडला होता. पाय मोडला, वर चढणं बंद झालं, म्हणून ही नोकरी. त्याआधी अठरा वर्षं त्यानं कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवले. सिनेमा उतरला की बॅनरवर पांढऱ्या रंगाचा हात फिरायचा आणि त्याच कापडावर पुढचा सिनेमा चढायचा. कोपऱ्यात नाव असायचं ते दुकानाच्या मालकाचं.

"माझं नाव कुटंच न्हाय बाई," तो एकदा काचपट्ट्या पुसता पुसता म्हणाला. "आनि चित्र म्हनाल तर तीन-चार आठवड्यांत पुसलं जायाचं." त्यात तक्रार नव्हती. पण मला ते लागलं खरं.

माझं काम चिलटांवर होतं. चावणारी चिलटं म्हटलं की समोरचा माणूस अंग खाजवायला लागतो, पण माझी चिलटं माणसाच्या वाटेला जात नाहीत. ती शिकारी. दुसरे बारीक किडे उडता उडता धरायचे, सोंड खुपसायची आणि आतून शोषून घ्यायचे. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी त्यांचे थवे असायचे आणि केरबा लंगडत लंगडत जाळी फिरवून ते पकडून आणायचा. डॉक्टरेटसाठी मी चार वर्षं ह्या किड्यांमागे होते आणि हाती काही लागत नव्हतं.

सूक्ष्मदर्शकातून चित्र काढायचं आमचं आरशाचं यंत्र बिघडलेलं. नवीन मागवायचं म्हणजे अर्ज करून म्हातारं व्हायचं. केरबानंच तोड काढली. "चौकोन पाडू की! इत्त्याशा फोटोचा तीस फूट नट कसा करतो आमी?" सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याकडच्या भिंगात मी चौकोनांची काच बसवली, त्यानं कागदावर तसेच चौकोन आखले, आणि एकेक चौकोन भरायला लागला. त्याचा एकच नियम होता: चौकोनात दिसतं तेवढंच काढायचं. बॅनरला नाक लावून उभं राहिल्यावर आपण डोळा रंगवतोय की कान, हेही कळत नाही. चौकोनावर विश्वास ठेवायचा आणि हात चालवायचा. त्याची चित्रं बघून मी गप्प झाले. मी गप्प होणं ही आमच्या विभागात घटना होती.

मग त्या चार माद्या सापडल्या. चौघींच्याही शेपटीच्या टोकाला हुकासारख्या दोन आकड्यांचा एक केसाळ अवयव होता. पुस्तकं उलथीपालथी केली. बाकी सगळं अंग, मांड्यांवरचे काटे, नखं, पंखांच्या शिरा, एका जुन्या माहीत असलेल्या प्रजातीशी जुळत होतं. पण असा अवयव कुठल्याच मादीला नव्हता. नवी प्रजाती! आणि नवीला नाव द्यायचा मान वर्णन करणाऱ्याचा, म्हणजे माझा.

"केरबा," मी ओरडलेच, "तुम्हीच पकडलीत, तुम्हीच काढताय. हिला तुमचं नाव देणार मी!"

त्याला आधी चेष्टा वाटली. मग म्हणाला, "आनि ते पुसायचं न्हाय?"

"कधीच नाही. जगात कुठंही हे चिलट सापडू दे, त्याला केरबाच्याच नावानं ओळखायचं."

तो स्टुलावर बसला आणि पुसलेलीच काचपट्टी पुन्हा पुसायला लागला.

दोन दिवसांत सगळ्या पेठेला कळलं. त्याच्या गल्लीतल्या तालमीचा फळा तोच लिहायचा. कुस्ती, निधन, पाणी येणार नाही, सगळं त्याच्याच अक्षरात, खाली सही तालीम मंडळाची. आता त्यावर आलं, 'आमच्या गल्लीतील केरबा पेंटर यांचे नाव नव्या चिलटास मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' हेही पोरांनी त्याच्याकडूनच लिहून घेतलं होतं! त्याची बायको चिमणाबाई पेढे घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. "आमच्या मालकाचं नाव किड्याला दिलासा म्हनं," ती म्हणाली. "बरं झालं बाई. लावायला मूलबाळ तर न्हाय आमाला." मी पेढा तोंडात घातला.

लेख टाईप झाला. कलकत्त्याच्या तज्ज्ञांना पाठवायचं पाकीट तयार झालं. राहिलं फक्त शेपटीचं चित्र, आणि नेमकं तेच केरबा तीन दिवस घेऊन बसला होता.

"बाई, ह्यो चौकोन जमंना."

"काय जमत नाही? आज टपाल गेलंच पाहिजे!"

"केस उलटे हायती." त्यानं मला भिंगापाशी बसवलं. "हिच्या अंगावरचं समदं केस शेपटीकडं झुकल्यात. ह्या तुकड्यावरचं डोक्याकडं झुकल्यात. म्हशीच्या अंगावरनं हात फिरवून बगा, असं कुटं असतंय व्हय? मला इचाराल तर ह्यो तुकडा हिचा न्हायच."

मी भडकले. माझी चार वर्षं, माझी डॉक्टरेट, आणि हा मला सांगतोय! "तू मला प्राणिशास्त्र शिकवणार? नट्यांचे गाल रंगवणं निराळं. मुकाट्यानं केस मागं वळव आणि चित्र दे!"

वयानं पंधरा वर्षं मोठ्या माणसाला मी 'तू' म्हणाले. आणि जे दिसत नाही ते काढ म्हणाले. आज लिहितानाही लाज वाटते.

केरबानं पेन्सिल खाली ठेवली. "दिसतंय तसंच काढनार मी," तो म्हणाला. "पाकीट आजच्या दिस ऱ्हाऊ द्या. सांजच्याला रंकाळ्यावर चला."

मी गेले ती त्याला खोटं पाडायला. ऊन अजून होतं. पाण्याच्या कडेला थवा वरखाली नाचत होता. केरबानं एकदा, दोनदा, पाचदा जाळी मारली आणि शेवटी एक जोडी, चिकटलेलीच, काचेच्या नळीत उतरवली. मी हातभिंग लावलं.

तोंडाला तोंड आणि शेपटीला शेपूट लावून ती दोघं बसली होती. मला वाटलं, मीलन चाललंय. मग दिसलं, मादीची सोंड नराच्या डोक्यात घुसली होती. बघता बघता त्याचं पोट आत गेलं. पाय लोंबले. धान्य काढून घेतलेल्या पोत्यासारखा तो रिकामा झाला, आणि शेपूट मात्र अजून तिला घट्ट धरून! मग तिनं अंग झटकलं. वाळकं कातडं तुटून खाली पडलं. शेपटीचा तुकडा तिच्या अंगालाच राहिला. दोन आकडे. केसाळ. केस डोक्याकडे झुकलेले.

"अगं आई गं!" भिंग माझ्या हातातून पडलंच.

केरबानं उचललं, बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. "खाल्ला की वो त्याला! आयला... नवरा न्हवं का त्यो तिचा?"

प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली मी, पर्स छातीशी आवळून उभी राहिले. किड्यानं किडा खाल्ला म्हणून नव्हे. माझी नवी प्रजाती म्हणजे चार माद्यांच्या अंगाला लटकलेले चार मेलेले नवरे होते! तो तुकडा सोडला तर उरलं काय? पुस्तकातलं जुनंच चिलट, ज्याला केव्हाच कुणीतरी नाव देऊन ठेवलं होतं. कलकत्त्याचे तज्ज्ञ पोट धरून हसले असते, आणि मी ते पाकीट पर्समध्ये घेऊन फिरत होते.

घाटाच्या पायरीवर आम्ही बसलो. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की बुडालं ते माझं एकटीचं नव्हे.

"केरबा, गप्प बसला असतात तर? लगेच कुणाला कळलं नसतं. नाव लागलं असतं तुमचं."

"तुमीच म्हनलासा न्हवं, ते पुसायचं न्हाय म्हनून?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "मग चूक बी पुसली नसती की. कवातरी कुनीतरी नीट बगनारच. म्हननार, कोन ह्यो आंधळा केरबा?"

अठरा वर्षांनी मिळालेली एकच गोष्ट त्यानं स्वतःच्या हातानं मोडली होती.

"केस वळवायला सांगितले, चुकलं माझं," मी म्हणाले.

"आनि 'तू' म्हनलासा ते?"

"तेही चुकलं."

"बरं," केरबा म्हणाला. मग टोपी डोक्यावर घालून उठला. मी म्हटलं, फळ्याचं काय, उद्या पेठेत लोक टर उडवतील, मी येऊन समजावून सांगते. तो म्हणाला, "नगो. माझं मी बगतो."

तरी मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या आधी मी त्याच्या गल्लीत गेले. तालमीपुढे गर्दी होती आणि हशा पिकला होता. फळा कोरा पुसून त्यावर नव्यानं लिहिलेलं होतं, तेच बॅनरचं दांडगं अक्षर:

'ते चिलट जुनेच निघाले. शेपूट तिचे नव्हते, तिने खाल्लेल्या नवऱ्याचे होते. पेढे खाल्लेल्यांनी राग मानू नये.'

खाली तालीम मंडळाची सही नव्हती. कोपऱ्यात, अगदी बारीक, लिहिलं होतं: केरबा.

एक पोरगं कुस्तीची जाहिरात लिहायची म्हणून ओलं फडकं घेऊन पुढं झालं. फळ्यापुढे चिमणाबाई पदर खोचून उभी होती.

"हात लावून तर बग," ती म्हणाली.